तिसऱ्या पायरीवरचे जीव

माझ्या मायच्या पोटात कोण कोण राहतं हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्याचा मला गर्व होता. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पोटात भाकर असते, दुसरं काय असणार. मी मात्र अमरावतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, सोबत पीएच.डी. रखडत रखडत चालली होती, आणि काचेच्या कुप्यांवर चिकटपट्ट्या लावून मी तिच्या पोटातल्या रहिवाशांना नंबर देऊन टाकले होते. आज लिहिताना मला त्या नंबरांचा राग येतो. माझ्या स्वतःच्या अक्षराचाही येतो.

माझा विषय जवसाचा. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला जवस काही सांगावा लागत नाही. आमच्या घरी जवसाच्या चटणीची बरणी रिकामी झालेली मी कधी पाहिली नाही. माय लग्नाच्या पंगतीतही पदराला पुडी बांधून नेते की काय अशी आम्हाला शंका असायची. या जवसात लिग्नान नावाचा एक पदार्थ असतो. आपण तो खातो, पण आपल्या शरीराला त्याचं काही करता येत नाही. ते काम मोठ्या आतड्यातले जंतू करतात, आणि तेही कुणा एकाला झेपत नाही. पहिली जात त्याला चिकटलेली साखर तोडून खाते. उरलेल्यातला एक छोटा तुकडा दुसरी जात काढून घेते. तिसरी त्यातून प्राणवायूचा कण सोडवते, आणि चौथी जे राहिलं त्याची टोकं जुळवून एक कडं तयार करते. ते शेवटचं रूप रक्तात जातं आणि शरीराच्या उपयोगी पडतं असं मानतात. पहिलीच्या उष्ट्यावर दुसरी जगते, दुसरीच्या उष्ट्यावर तिसरी. मधली एक जरी नसली तरी काम तिथंच अडतं.

घरच्यांना हे समजावायला मला वेळ लागला नाही. अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं फुलांचं वावर आहे, राहतं घर जुन्या शहरात. दादा फुलं तोडून आणतो, माय रंग आणि प्रत पाहून ढीग लावते, वहिनी हार गुंफते, मग दादाच माल बाजारात पोचवतो. मी म्हटलं, तसंच आहे, फक्त पोटात. मायनं विचारलं की मग एखादा आजारी पडला तर त्याचं काम दुसरा करत नाही काय. मी म्हटलं, नाही, यांना दुसऱ्याचं काम येतच नाही. तिला ते पटलं नाही. असं कोणतं घर असते, म्हणाली.

नमुने मिळवणं ही वेगळीच कसरत होती. नमुना म्हणजे काय ते वाचणाऱ्याला समजलं असेलच, मी खोलात जात नाही. एरवी विज्ञाननिष्ठेवर तासभर बोलणारे आमचे प्राध्यापक हातात डबी दिली की कामाची आठवण झाल्यासारखे निघून जात. माझ्या मार्गदर्शक सरांनीसुद्धा पोट बिघडल्याचं निमित्त करून दोन महिने मला टाळलं. माय एकटी अशी, की तिनं डबी घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, आणि एवढ्याशा डबीत काय होणार असं विचारलं. या जंतूंना मोकळी हवा लागली की ते मरतात. म्हणून डबी हवाबंद करायची, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायची आणि एसटीनं अमरावतीला आणायची. एकदा मूर्तिजापूरच्या स्टँडवर शेजारच्या बाईनं थर्मासकडे पाहत खरवस आहे काय म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. तिनं पुढं मागितला नाही हे आम्हा दोघींचं नशीब.

देणाऱ्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरावा लागे. त्यात चालू औषधांचा रकाना होता आणि त्या बाबतीत मी फार कडक होते. गोळ्यांचं पाकीट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, त्यावरच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं मूळ नाव उतरवून घेतल्याशिवाय मी कुणाचा नमुना घेत नसे. आमच्या एका शिपाईकाकांना मी त्यासाठी भर उन्हात घरी परत पाठवलं होतं. मायचा फॉर्म मात्र मी अमरावतीत बसून आठवणीनं भरला. घरच्या माणसाचं काय पाहायचं. औषधांच्या रकान्यात मी लिहिलं: बी.पी.ची गोळी, छातीची गोळी.

ही छातीची गोळी आमच्या घरात चार वर्षांपासून होती. मायच्या छातीत फडफड व्हायची, ठोके मधेच भरभर पडायचे, मधेच चुकायचे, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आणायचा दादा, आणि रोज सकाळी तिच्या हातावर ठेवायचाही दादाच. सुरुवातीला त्या गोळीचा तिच्यावर म्हणावा तसा परिणाम होईना. डॉक्टरांनी प्रमाण दोनदा वाढवलं. तुमच्या मायचं शरीर गोळी घेतं की नुसतीच खाऊन टाकतं तेच समजत नाही, असं ते हसत दादाला म्हणाले होते. दादानं मला ते फोनवर सांगितलं. मी पेपर तपासत होते. हं म्हणाले आणि फोन ठेवला.

दसऱ्यानंतर आणलेल्या मायच्या पहिल्या नमुन्यानं माझ्या कुप्यांत कमाल केली. जवसाचा अर्क घातला आणि काही दिवसांतच चारही पायऱ्या पार पडल्या. मशीनमधून निघालेल्या कागदावर शेवटच्या पदार्थाचा उंचवटा इतका सरळ वर गेला होता, की सरांनी तो कागद नीट पाहायला खिडकीपाशी नेला. बाकीच्यांपैकी कुणाचं काम दुसऱ्या पायरीवर अडायचं, कुणाचं तिसऱ्या. तिसरी पायरी सगळ्यात नाजूक. ती पार करणारी जात संख्येनं थोडी असते, हळू वाढते, पुष्कळांच्या पोटात तर नसल्यासारखीच. मायच्या पोटात ती भरपूर होती. मी ती वेगळी काढली, वाढवली आणि तिला नंबर दिला.

सर त्या दिवशी म्हणाले, की याच बाईंचा प्रतिजैविक घेतल्यानंतरचा नमुना मिळाला तर सोनं होईल. कोणती पायरी आधी कोसळते आणि किती दिवसांनी परत उभी राहते ते दिसेल. लगेच पुढं हेही म्हणाले, की आपल्याला असं औषध मुद्दाम कुणाला देता येत नाही, कोणतीही समिती त्याला परवानगी देणार नाही. कुणी आपणहून आजारी पडलं आणि त्याच्या डॉक्टरांनीच औषध दिलं तर गोष्ट वेगळी. मी मान डोलावली. नंतर वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, मायचा नंतरचा नमुना मिळाल्यास पाहणे.

भाऊबीजेला मी अकोल्याला गेले तेव्हा मायला खोकला होता.

साधा खोकला. ताप नव्हता, दम लागत नव्हता. वावरातल्या सकाळच्या गारठ्यानं दरवर्षी येतो आणि अडुळशाच्या काढ्यानं आठ दिवसांत जातो, तसा. त्या आठांतले पाच दिवस होऊनही गेले होते. हे मी इतकं स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं तेही मला स्पष्ट आठवतं. वय झालंय, छातीचं दुखणं आहे, कफ साचला तर नसती आफत. मी जुन्या शहरातल्या एका मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या सात दिवसांच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी त्यानं मागितली नाही. मी नावच अशा ठसक्यात सांगितलं की त्याला मी डॉक्टरीण वाटले असेन. ते नाव निवडताना माझ्या डोक्यात खोकला होता की आतडं, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला विचारण्याआधीपासून माहीत होतं.

मायला गोळ्यांचा कंटाळा. आधीच्या कमी आहेत काय, म्हणाली. मी म्हटलं, सातच दिवस, पण मधे सोडायच्या नाहीत. दादाला वेगळं बजावलं, की या गोळ्या चालू असताना आणि नंतरही बाकीच्या चुकवू नका, छातीची तर मुळीच नको. दादानं हो म्हटलं. शिकलेली बहीण सांगते म्हटल्यावर आमच्या घरात उलट प्रश्न येत नाहीत.

खोकला गेला. तो जाणारच होता.

पंधरा दिवसांनी मी दुसरा नमुना आणला. सरांना सांगितलं, आईला खोकला झाला होता, डॉक्टरांनी औषध दिलं. हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की घटकाभर मलाही ते खरं वाटलं. मी कुप्या भरल्या, जवसाचा अर्क घातला आणि वाट पाहत बसले.

मार्गशीर्ष लागला तसे दादाचे फोन वाढले. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे आमच्याकडे शेवंतीची घाई, एरवी त्याला बोलायलाही सवड नसते. आधी म्हणाला, माय जेवत नाही, भाकरीकडं पाहिलं की तिला मळमळतं. मी म्हटलं, त्या गोळ्यांनी तोंडाची चव गेली असेल, ताक द्या. मग म्हणाला, बसल्या जागी डुलक्या घेते, हाक मारली तर पटकन ओ देत नाही. मी म्हटलं, थंडी पडलीय, वय झालंय. त्याच्या प्रत्येक फोनला माझ्याजवळ उत्तर तयार असायचं. वर्गात शिकवून शिकवून ही खोड लागते, समोरचा बोलायचा थांबण्याआधी आपलं उत्तर सुरू.

मग एका गुरुवारी एका हारवाल्यानं दादाला बाजारात सगळ्यांदेखत सुनावलं. त्यानं पिवळी शेवंती मागितली होती. टोपलं उपडं केलं तर त्यात जवळजवळ निम्मी पांढरी. चाळीस वर्षांत मायच्या ढिगात परकं फूल गेलेलं नव्हतं. फूल हातात घेतलं की ते कालचं की परवाचं हे ती न पाहता सांगायची. दादानं घरी येऊन तिच्यासमोर दोन फुलं धरली, एक पांढरं आणि एक पिवळं. तिनं दोन्ही पिवळी सांगितली.

"माय म्हणते, यंदा वावरात पांढरी शेवंती आलीच नाही, सारी पिवयीच आली," दादा फोनवर म्हणाला. "मले भेव लागून राह्यलं बाई."

मी हसले. मोतीबिंदू असेल, डोळे दाखवून घे, म्हणाले. वर असंही म्हणाले, की तोवर वहिनीला सांग वरणात हळद नाही घातली तरी चालेल. दादा हसला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

मला हसू सुचलं, कारण त्याच सकाळी कागद आला होता. मायच्या दुसऱ्या नमुन्यात पहिली पायरी झाली होती, दुसरी झाली होती आणि तिसऱ्या पायरीवर काम ठप्प पडलं होतं. अर्धवट सुटलेला पदार्थ कुपीत नुसता साचत चालला होता, त्याला पुढं नेणारं कुणी उरलं नव्हतं. पहिल्या नमुन्यात भरपूर असलेली ती तिसरी जात शोधूनही सापडेना. मी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. मला इतका आनंद झाला होता, की मी कँटीनमधून सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. सरांनी दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर मायची फाईल घेऊन बसले. निकाल एवढा स्वच्छ आला तर कागदपत्रंही स्वच्छ हवीत, असं त्यांचं म्हणणं. फॉर्मवर त्यांचं बोट थांबलं.

"छातीची गोळी म्हणजे कोणती?" त्यांनी विचारलं. "बाकी सगळ्यांची मूळ नावं आहेत. आईंचंच नाही?"

मी म्हटलं, आत्ता मागवते. दादाला पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितलं. थोड्या वेळात फोटो आला. पाकीट उलट्या बाजूनं धरलेलं, कडेला दादाचा हिरवट डाग पडलेला अंगठा, आणि बारीक अक्षरांत औषधाचं नाव, डिजॉक्सिन.

मला काही क्षण त्याचा अर्थच लागला नाही, असं इथं लिहिलं तर बरं दिसेल. पण अर्थ लगेच लागला. हे औषध एका फुलझाडाच्या पानांतून निघतं. ते दुबळ्या हृदयाला नीट चालवतं, पण त्याचं प्रमाण फार मोजकं असावं लागतं, थोडं वर गेलं की तेच विष. मग माणसाला आधी अन्न नकोसं होतं, मळमळतं, ग्लानी येते, कुणाकुणाला सगळं जग पिवळं दिसायला लागतं, आणि नाडी मंदावत जाते. आणि आतड्यातला एक जंतू हे औषध निकामी करतो. तोच, जवसाची तिसरी पायरी पार करणारा. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तशी ओळच आहे, मीच टाईप केलेली, खाली संदर्भ दिलेली.

चार वर्षं मायच्या पोटातले ते जीव रोज तिच्या गोळीतला आपला वाटा खात होते. म्हणून तिला गोळी लागू पडत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी प्रमाण वाढवलं होतं. ते वाढीव प्रमाण माय आणि ते जीव, दोघांना मिळून होतं. मी त्यांना मारून टाकलं, आणि आता ती सगळी गोळी एकट्या मायच्या वाट्याला येत होती. रोज सकाळी, दादाच्या हातून, एकही न चुकवता.

मी व्हरांड्यात जाऊन दादाला फोन लावला. समोरून माझेच विद्यार्थी नमस्कार करत जात होते. दादा म्हणाला, सकाळपासून दोन उलट्या झाल्या, पित्ताची गोळी दिली, आता पडून आहे. मी विचारलं, आज छातीची गोळी दिली का.

"देली ना," तो म्हणाला. "तूच तं सांगतलं होतं, चुकवू नोका म्हणून."

मी त्याला मायची नाडी मोजायला लावली. घड्याळाकडं पाहत, पूर्ण एक मिनिट. त्यानं फोन बाजेवर ठेवला असावा. वहिनी काय झालं, काय झालं विचारत होती आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. ते मिनिट संपता संपेना. मग दादाचा आवाज आला. अडतीस, तो म्हणाला, एखाद-दोन मोजताना चुकले असतील. चुकले नव्हते. मी त्याला म्हटलं, आता एकही गोळी देऊ नकोस, रिक्षा बोलाव आणि डॉक्टरकडं ने, पाकीट सोबत घे. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

बडनेऱ्याहून मिळाली त्या गाडीनं मी निघाले. जागा मिळाली नाही, दारापाशी उभी होते. मला भीती वाटत होती. त्या भीतीतच एक घाण विचारही होता आणि तो मी इथं लिहून टाकते, कारण तो पुढं कितीतरी दिवस माझ्या मागे लागला. माय गेली तर हे कुणालाच कळणार नाही. म्हातारी बाई, छातीचं जुनं दुखणं, दारात चार लोक जमतील आणि सुटली म्हणतील. गाडी मूर्तिजापूर सोडत होती तेव्हा हा विचार आला आणि त्यानं मला थोडं हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच मला किळस आली.

दवाखान्यात माय पडलेली होती, छातीला तारा चिकटवलेल्या. डोक्याशी एक यंत्र टीं करायचं, मग थांबायचं, आणि पुढचा आवाज येईपर्यंत मी श्वास धरून उभी. तिनं डोळे उघडले. मला पाहून तिला आनंद झाला नाही, काळजी वाटली. काहून आली, कालेजचं काय, म्हणाली. मग भिंतीकडं पाहत तिनं विचारलं, "दवाखान्याले हयदीचा रंग काहून देला यायनं?" भिंत पांढरी होती. दादानं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, गेल्या महिना-दोन महिन्यांत काही नवीन औषध दिलं होतं का. दादा लगेच नाही म्हणाला, खोकल्याच्या गोळ्या त्याच्या हिशेबातच नव्हत्या. मी जराशानं म्हणाले, प्रतिजैविक दिलं होतं, खोकल्यासाठी. कुणी दिलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मेडिकलमधून आणलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, पण रागावले नाहीत. म्हणाले, या वयात मूत्रपिंडं हळू काम करतात, थंडीत पाणी कमी पिणं होतं, प्रतिजैविकानंही या औषधाचं प्रमाण वाढतं, कारणं पुष्कळ असतात, एकावर बोट ठेवता येत नाही. मी हो हो करत गेले. त्यांनी मला बाहेर पडायला चार दारं उघडून दिली होती आणि मी दिसलं त्या पहिल्या दारातून निघून गेले. दादा मला म्हणाला, बरं झालं तू होतीस म्हणून, नाहीतर आम्ही डोळेच तपासत बसलो असतो.

माय वाचली. पहिले दोन दिवस डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, मग नाडी हळूहळू वर आली, पाचव्या दिवशी तिनं पेज मागितली आणि भिंत पांढरीच असल्याचं कबूल केलं. गोळीचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आणून डॉक्टरांनी तिला घरी सोडलं. घरात सगळ्यांना वाटलं की संपलं. संपलं नाही हे फक्त मला माहीत होतं.

ते तिसऱ्या पायरीवरचे जीव कायमचे गेले असं कुणीच सांगू शकत नाही. आतड्याच्या एखाद्या वळणात चार उरले असतील. किंवा घासातून, हातातून, एखाद्या पाण्याच्या घोटातून परत येतील. महिन्यानं येतील, वर्षानं येतील, येणारही नाहीत. आले तर काही चाहूल देणार नाहीत. मायला काही दुखणार नाही, ती आपली चटणी-भाकर खात राहील, आणि ते परत गोळीतला आपला वाटा घ्यायला सुरुवात करतील. मग ही कमी केलेली गोळी पुरणार नाही, छातीतली फडफड परत येईल, आणि घरचे म्हणतील, दुखणं वाढलं. म्हणजे ते नव्हते तेव्हा माय मरायला टेकली होती, आणि आता ते परत आले तरी धोका. रात्रंदिवस आपल्या माणसाच्या आत असे अनोळखी बसलेले असतात, त्यांना आपण कुणाच्या पोटात आहोत याचा पत्ताही नसतो. मला पूर्वी या गोष्टीची मौज वाटायची. वर्गात मी ती रंगवून सांगायचे.

डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासणार होते. पण रक्तात कळेपर्यंत उशीर होऊ शकतो. आधी कळायचं तर एकच मार्ग होता, की मी मायचा नमुना नेत राहायचं आणि तिसरी पायरी परत सुरू झाली का ते पाहत राहायचं. इकडं सर खूश होते. त्यांनी शोधनिबंधाचा मसुदा करायला घेतला होता आणि फाईलला लावायला डॉक्टरांची चिठ्ठी मागत होते. आणते, आणते म्हणत मी त्यांना संक्रांतीपर्यंत टाळलं. शेवटी एका दुपारी त्यांच्या खोलीचं दार लावून खरं सांगितलं. त्यांनी मसुदा ड्रॉवरमध्ये टाकला.

त्याच आठवड्यात मी डबी घेऊन अकोल्याला गेले. दादा वावरात होता, वहिनी बाजारात. माय अंगणात उन्हात बसून मेथी निवडत होती. ती वाळली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी डबी तिच्यापुढं ठेवली. मागे ठेवायचे तेव्हा काही वाटायचं नाही, या वेळी हात ओढून घ्यावासा वाटला. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिच्या पोटातले ते जीव तिच्या गोळीचं काय करत होते ते सांगितलं. वहीच्या कडेला पेन्सिलीनं काय लिहिलं होतं ते सांगितलं. तिचा खोकला मला साधा वाटला होता, तरी मी गोळ्या आणल्या, हेही सांगितलं. मी रडत होते की नाही ते आठवत नाही. तिचे हात चालू होते. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"म्हंजे त्या खोकल्याच्या नव्हत्या," ती म्हणाली.

मी म्हटलं, नव्हत्या.

तिनं विचारलं, दादाला माहीत आहे काय. मी नाही म्हटलं. सांगू नको, म्हणाली, तो बोलणं टाकेल, आणि मग भाऊबीजेला तू कुठं जाशील. मी उठणार होते, तेव्हा तिनं डबी उचलून आपल्या मांडीवर ठेवली.

"तुले पाहाचं होतं तं मले सांगाचं होतं ना बाई," ती म्हणाली. "म्या खाल्ल्या असत्या."

ती रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं. पण ती जे खरं तेच सांगत होती. मी विचारलं असतं तर तिनं त्या खाल्ल्या असत्या, पुढं काय होईल ते ऐकूनही खाल्ल्या असत्या. आणि मला तिला विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं.